एमजीबीसाठी बॉडीचे योग्य पत्रे शोधताना: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, डाव्या बाजूला नवे मडगार्ड, नवी सिल (दाराखालची पोकळ पेटी) आणि जुने पण कारखान्यात बनलेले दार लावून रस्त्यावर आली, त्याला आता नऊ महिने झाले. इंग्लंडमधला एक पूर्ण हिवाळा, म्हणजे रस्त्यावरचे मीठ आणि सततची ओल, तिने या काळात सोसला असल्यामुळे कोणता पत्रा घ्यावा आणि कोणता टाळावा, याविषयी आता थोड्या खात्रीने लिहिता येईल.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे भाग मिळत नाहीत अशी तक्रार करण्यास जागा नाही. अडचण आहे ती वेगळीच. गाडी दुरून तीच दिसत राहिली, तरी तिचे तपशील बदलत गेले. सुरुवातीच्या गाड्यांच्या दारांना ओढायचे हँडल होते, १९६५ मध्ये बटणाचे आले. आधीचे बॉनेट ॲल्युमिनियमचे, नंतरचे पोलादी. १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आले तेव्हा पुढचे इंडिकेटर मडगार्डमधून निघून बंपरमध्ये गेले, म्हणून क्रोम बंपरच्या गाडीला नंतरचे मडगार्ड चालत नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांच्या मडगार्डांना १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजूच्या दिव्यांची किंवा रिफ्लेक्टरची जागा आहे, आणि तिकडून परत आलेल्या गाड्यांचे भाग इथल्या बाजारात सर्रास मिसळलेले असतात. ‘एमजीबीचे पुढचे डावे मडगार्ड’ एवढेच सांगून मागणी नोंदवणे म्हणजे शिंप्याला माप न देता सदरा शिवायला सांगणे होय.

मी तेच केले. एका विक्रेत्याकडून मूळ साच्यातल्या मडगार्डाच्या जवळपास निम्म्या किमतीत नक्कल मागवली आणि ती गाडीवर धरून न पाहताच तिच्यावर प्रायमर मारला. नंतर बोल्ट लावू लागलो, तेव्हा दाराजवळची फट वर करंगळी जाईल एवढी आणि खाली जवळजवळ नाहीशी झाली. मडगार्ड, दार आणि मागची बाजू यांवरून एका रेषेत धावणाऱ्या क्रोमच्या पट्टीसाठीची भोकेही दारावरच्या भोकांपेक्षा खाली होती. रंग लावलेला माल परत घेतला जात नाही, हे पावतीच्या मागे छापलेले होते. ते मडगार्ड आजही शेडमध्ये उभे आहे.

दुसऱ्या वेळी ब्रिटिश मोटर हेरिटेजचे मडगार्ड घेतले. ही संस्था एमजीबीचे पत्रे मूळच्या साच्यांवर काढते, आणि १९८८ पासून गाडीचा संपूर्ण सांगाडाही नव्याने बनवून देते. तरीही ते हातासरशी बसले असे म्हणणार नाही, कारण पत्रा अचूक असला तरी पन्नास वर्षांची गाडी अचूक राहिलेली नसते. दाराच्या बिजागऱ्या सैल करून दार, सिल आणि मडगार्ड एकमेकांशी जुळवण्यात दोन शनिवार-रविवार गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असतो, तर एखाद्या कसबी मिस्त्रीकडून पत्रा ठोकून घडवून घेतला असता. इथल्या मजुरीच्या दरात तो विचारही परवडत नाही.

सिलच्या बाबतीत मात्र काटकसरीला अजिबात वाव नाही. या गाडीला वेगळी चासी नसल्याने, आणि रोडस्टरला छताचाही आधार नसल्याने, दाराखालची ही पेटीच मधला भार पेलते. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतली सिल आणि तळाची पट्टी (कॅसल रेल) असे तिचे थर असतात. गंजलेल्या सिलवर नुसता बाहेरचा नवा पत्रा चढवणे म्हणजे किडक्या तुळईला रंग देणे. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे आधार वेल्ड केले आणि शेवटचे वेल्डिंग करण्याआधी दार व मडगार्ड तात्पुरते लावून फटी तपासल्या. आधार न देता सिल कापली, तर गाडी मधोमध खचते आणि मग कोणतेही दार बसत नाही.

नऊ महिन्यांनंतर दार बोटाच्या धक्क्याने लागते, खडबडीत रस्त्यांवर हजारभर मैल होऊनही फटी सरकलेल्या नाहीत आणि सांध्यांवर रंगाला तडा नाही. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साठतो आणि तिथूनच ते आतल्या आत कुजते, हे ठाऊक असल्याने तिथे मेण फवारले होते. मार्चमध्ये आतली झाकणपट्टी काढून पाहिले, तेव्हा पत्रा स्वच्छ होता. चाळीस वर्षांवरील गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट असल्यामुळे हे पाहणे मालकावरच येते.

दार मी नवे न घेता त्याच काळातल्या मोडीत निघालेल्या गाडीचे घेतले, आणि तीच सर्वांत समाधानाची खरेदी ठरली. उजवे मडगार्ड मूळचेच आहे. त्याची खालची सहा इंच पट्टी कापून नवी जोडली आहे, आणि ते बदलण्याचा माझा विचार नाही.