सुई हलकी, मॅडम मोकळ्या, वेळेचं मात्र विचारू नका (४ स्टार)

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. रेडिएटरमध्ये क्षार बसतात तसं रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल बसत असणार, असा माझा पक्का समज. या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो मोडला, म्हणून एवढं लिहितोय.

आधी तक्रार. रक्त घ्यायला साडेसहाला येणारा पोरगा उगवला पावणेआठला. रात्रीपासून उपाशी, चहासुद्धा नाही. हिने दोनदा आधण ठेवून उतरवलं. हात मात्र हलका, सुई कळली नाही.

१,४०० च्या पॅकेजात नको ती जीवनसत्त्वं आहेत, पण आमच्या डॉक्टरांनी लिहिलेली एचएस-सीआरपी नाही. काउंटरवर म्हणे, "सीआरपी आहे की काका!" ती साधी. बारीक सूज पकडणारी वेगळी, तिचे ४५० वेगळे. मला सर्दी होती, तेही कुणी विचारलं नाही.

रिपोर्टात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६०, एचएस-सीआरपी ६.८. घाबरून लॅबमध्ये गेलो. मॅडम म्हणाल्या, सर्दीत हा आकडा धरायचाच नाही, दोन आठवड्यांनी परत या. आला ३.१. दुसऱ्यांदाचे पैसे त्यांनी घेऊ दिले नाहीत.

मग रिपोर्टच्या पाकिटावरच चित्र काढलं. "काका, चोक नळीच्या पोकळीत नाही, भिंतीत होतो." एलडीएल भिंतीत शिरून अडकतं, बिघडतं. ते उचलायला रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत घुसतात, तिथे मॅक्रोफेज बनतात आणि खात सुटतात. पण कोलेस्टेरॉल त्यांना मोडता येत नाही. पोटात थेंब साठून त्या फेसाळ दिसायला लागतात, आणि मेल्या की सगळा राडा तिथेच. मला टायरला येणारा फुगा आठवला, वरून रबर गुळगुळीत, आत प्लाय तुटलेली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, फुटतं पण तसंच कधीकधी, आणि फुटलं की त्यावर रक्ताची गुठळी धरते.

पुढचं मला अगदीच नवीन होतं. या पेशी जिथे तयार होतात त्या हाडाच्या मगजातही कोलेस्टेरॉल लुडबुड करतं. मूळ पेशींच्या आवरणात ते साठलं की त्या भराभर विभागतात, मोनोसाइटचं उत्पादन वाढतं. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ते काढून नेतं तेव्हा कारखाना थंडावतो. हे उंदरांत दिसलंय. म्हणजे कचरा करणारा तोच आणि सफाईवाल्यांची जादा भरती करणाराही तोच!

"मग भरतीच बंद करा की," मी म्हटलं. भरती नाही, पण सूज दाबून बघितलंय म्हणे. २०१७ मध्ये कॅन्टॉस नावाच्या चाचणीत, अॅटॅक येऊन गेलेल्या १०,००० वर लोकांना कॅनाकिनुमॅब हे सूज दाबणारं औषध किंवा खोटं इंजेक्शन दिलं. औषधाने एलडीएल हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसला पुढचे अॅटॅक, लकवा वगैरे १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जंतुसंसर्गाने मरणारे वाढले. "तुम्हाला अॅटोर्वा पुरे," म्हणाल्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी साधी गोळी.

तीन महिने २० ची गोळी घेतली. परवा एलडीएल ९२, एचएस-सीआरपी १.७. पोरगा सव्वासातला आला.

मॅडमना भेटायचं तर दुपारी १२ ते १, शनिवारी नसतात. पार्किंगही नाही, गाडी आणू नका.