टेक्सासचा परवाना की युटाचा?

डॅलसचा भाचा ग्रीनकार्डवाला. पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना आपल्या राज्याचा, म्हणजे टेक्सासचा काढू, की परराज्यातल्यांनाही मिळणारा युटाचा, असं विचारत होता. (एच-१बीवाल्यांनी इथेच थांबावं, काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगणंच त्यांना केंद्रीय कायद्याने मना आहे.)

खर्चात टेक्सास स्वस्त, फी 40 डॉलर. कष्ट मात्र जास्त, नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. युटाला वर्ग पुरतो, गोळी झाडावी लागत नाही. पण युटाचा परवाना मानणाऱ्या राज्यातल्या रहिवाशाला आधी स्वतःच्या राज्याचा परवाना दाखवावा लागतो. टेक्सास त्यातलंच. म्हणजे ‘एकच काढतो, युटाचा’ हा बेत तिथेच बारगळला.

चालतो कुठे? कोलोरॅडो आणि मिशिगन परराज्याचा परवाना मानतात तो फक्त परवाना देणाऱ्या राज्याच्याच रहिवाशाचा. कॅलिफोर्निया दोन्ही मानत नाही. शाळेपासून 1000 फुटांच्या आतली केंद्रीय बंदी तर ज्या राज्यात शाळा आहे, त्याच राज्याच्या परवान्याने सुटते.

टेक्सासमध्ये 2021 पासून बहुतेकांना परवान्याविनाही पिस्तूल बाळगता येतं. तरी शाळांच्या आसपास रोज वावरणाऱ्याने टेक्सासचाच काढावा. युटाचा जोडीला, तोही टेक्सासचा न मानणाऱ्या पण युटाचा मानणाऱ्या राज्यात नेहमी जाणं असेल तरच.