स्पेलिंग: दहादा लिहायची की झाकून?

सोमवारी वहीत दहा शब्द, शुक्रवारी डिक्टेशन. मुलाकडून प्रत्येक शब्द दहादा लिहून घ्यावा की 'बघ, झाक, लिही, ताडून बघ' करावं, हा प्रश्न दुसरी-तिसरीच्या पालकांना हमखास पडतो.

वेळ: दहा शब्द दहा वेळा म्हणजे शंभर शब्द. अर्धा तास सहज जातो, वर रडारड. झाकून लिहायला दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज काढावी लागतात.

लक्षात राहणं: खरा फरक इथेच. दहादा लिहायला बसवलेलं मूल शक्कल लढवतं. 'वेन्सडे'साठी आधी डब्ल्यूंची उभी रांग, मग ईंची, मग डींची. पान भरतं, पण अख्खा शब्द एकदाही डोक्यातून गेलेला नसतो! झाकल्यावर आठवावंच लागतं. 'फ्रेंड'मध्ये आय आधी की ई, एवढंच चुकत असेल तर तेवढंच दिसतं आणि येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही.

पालकांचे कष्ट: दहादा लिहून घेताना पोळ्या लाटता येतात. झाकण्यात सुरुवातीला शेजारी बसावं लागतं, नाहीतर शब्दावर ठेवलेली पट्टी हळूच सरकते.

खर्च दोन्हीकडे वही-पेन्सिलचाच.

पहिलीतल्या, अजून अक्षर न बसलेल्या मुलाला बघून दोन-तीनदा लिहू द्या, दहादा नको. अक्षर बसलेल्याला झाकूनच. वही गुरुवारी रात्री सापडली, तर फक्त चुकणारे शब्द झाकून घ्या आणि रविवारी तेच पुन्हा विचारा.