सायलेन्सर बदलल्यावर लागलेला दिवा : स्पेसर, मॅप की पुन्हा कॅट?

माझ्या २०१८ च्या पेट्रोल गाडीतला कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हौसेखातर काढलेला नव्हता. आर्वी तालुक्यातल्या आमच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात दगड वर आलेले असतात. त्यांपैकी एक खालून असा लागला की कॅटच्या आतली जाळी फुटली आणि गाडी सुरू केली की डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येऊ लागला. गावातल्या वेल्डरने कॅट कापून त्या जागी सरळ पाइप घातला आणि मागे थोडा मोकळा सायलेन्सरही बसवून दिला. आवाज मला आवडला, हे कबूल करतो. चौथ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. त्यानंतरच्या दीड वर्षात यावरचे दोन उपाय मी स्वतः केले आणि तिसरा मावसभावाच्या गाडीत जवळून पाहिला. ज्यांच्या गाडीत असाच दिवा लागलेला आहे आणि पुढे काय करावे हे ठरायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. डिझेल गाड्यांचे प्रकरण निराळे असल्याने ते येथे घेतलेले नाही.

तुलनेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट करावी, ती म्हणजे डोंगल (गाडीच्या सॉकेटात लावून मोबाइलवर दोष दाखवणारे छोटे यंत्र) लावून दोषाचा कोड वाचणे. सायलेन्सरच्या कामानंतर लागलेला प्रत्येक दिवा कॅटचाच असतो असे नाही. धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात, एक कॅटच्या पुढे आणि एक मागे; मागच्यावरून कॅट काम करतो की नाही ते कळते. पी०१४१ असेल तर मागच्या सेन्सरच्या हीटरची वायर बहुधा तापलेल्या पाइपला चिकटून जळालेली असते किंवा वेल्डरने सॉकेट परत लावलेलेच नसते. पी०१७१ असेल तर पुढच्या सेन्सरच्या आसपासचे वेल्डिंग अर्धवट राहून तिथून हवा आत ओढली जात असण्याची शक्यता मोठी. सकाळी थंड इंजिन सुरू करून, मागच्या नळीवर कापड दाबून धरून जोडावर साबणाचे पाणी टाकले की फुगे येतात आणि खर्च शंभर-दोनशे रुपयांत आटोपतो. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. तेव्हा गाडी पुढे न नेलेली बरी. पुढचे सारे लिखाण पी०४२० पुरते, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याच्या कोडपुरते आहे.

स्वस्तातला उपाय स्पेसरचा. मागचा सेन्सर पाइपात सरळ न बसवता मध्ये एक पोकळ नळी घालायची, म्हणजे तो धुराच्या झोतातून बाहेर सरकतो आणि त्याची हालचाल मंदावते. तालुक्याच्या लेथवाल्याने मला ती अर्ध्या तासात कातून दिली. डोंगलवर फरक सहज दिसतो. कॅट शाबूत असताना मागच्या सेन्सरची रेघ ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ चालते, कॅट नसताना ती ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते, आणि स्पेसर लावल्यावर दाते बोथट होतात. बोथट होतात, नाहीसे होत नाहीत. सारी गोम इथेच आहे.

गावात, आर्वीच्या बाजारात, शेतावर जाऊन येण्यात हा दिवा कधीच लागत नसे आणि मी निर्धास्त असे. कॅटची तपासणी ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला संगणक, वाटेल तेव्हा करत नाही. इंजिन पुरते तापलेले आणि गाडी काही काळ एका वेगाने चाललेली असावी लागते, आणि ही संधी आमच्या खेड्यातल्या रस्त्यांवर तिला मिळतच नाही. ती मिळत असे समृद्धी महामार्गावर. वडिलांना तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागे. जाताना महामार्गावर एकदा तपासणी होऊन दोष नुसताच नोंदला जाई, परतताना दुसऱ्यांदा तोच दोष सापडे आणि मग दिवा पेटे. त्यामुळे तो जाताना एकदाही लागला नाही. लागला तो नेहमी परतताना, अंधारात. वडील शेजारी बसलेले असत आणि विचारत, "कावून रे, थो दिवा पुन्हा लागला?" मी म्हणे, "लागू द्या बाबा, थो तसाच आहे." घरी येऊन कोड पुसला की पुढच्या नागपूरच्या फेरीपर्यंत शांतता.

त्या "तसाच आहे" नेच माझा निर्णय केला. एकदा दिवाळीनंतर दिवा लागला, मी सवयीने पी०४२० समजून सोडून दिले आणि तीन दिवस डोंगलला हात लावला नाही. चढावर गाडी ओढत नव्हती, तेही थंडीवर ढकलले. चौथ्या दिवशी पाहिले तेव्हा पी०३०२ निघाला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. इग्निशन कॉइल जात आली होती. कॉइल बदलून गाडी सुधारली, फार मोठे नुकसान झाले नाही. पण सगळ्या दोषांसाठी गाडीत तो एकच दिवा आहे आणि तो मी स्वतःच निरर्थक करून ठेवला होता, ही गोष्ट तेव्हापासून खटकत राहिली. दुसऱ्या एखाद्या गाडीत स्पेसर वर्षानुवर्षे गप्प बसत असेल. माझ्या गाडीत तो बसला नाही.

दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा. हिंगणघाटला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने नागपूरला जाऊन मॅप, म्हणजे ईसीएममधले इंजिन चालवण्याचे सॉफ्टवेअर, बदलून घेतला आणि त्यात मागच्या सेन्सरवरून होणारी कॅटची तपासणी बंद करून घेतली. त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे : दिवा गेला, गाडीची ओढ वाढली, आणि काम जाणत्याने केलेले असल्यामुळे बाकीचे कोड पूर्ववत चालू राहिले. काही जण सरसकट दिवाच बंद करून देतात. तसे असेल तर गाडी तिथून उलट फिरवावी. मावसभावाचा त्रास पुढे सुरू झाला. सर्व्हिसिंगमध्ये ईसीएमचे सॉफ्टवेअर अद्ययावत केले गेले, मॅप पुसला गेला आणि दिवा परत आला. पुन्हा नागपूर, पुन्हा एक दिवस. बीएस४ गाडीचे पीयूसी वर्षाचे असते. ते काढायला गेल्यावर दुसरी अडचण उभी राहिली, कारण तिथले यंत्र ईसीएमला काही विचारत नाही, नळी थेट सायलेन्सरमध्ये घालते. आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत हवा आणि कॅटशिवाय ते जमणे अवघड. मॅपने दिवा विझतो, धूर तोच राहतो. स्पेसरलाही हे तितकेच लागू आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितले. गावात कोणी अडवत नाही हे खरे, परंतु महामार्गावर आणि शहरात मोकळ्या सायलेन्सरचा आवाज लगेच ओळखू येतो.

शेवटी मी पुन्हा कॅट बसवला. कंपनीचा नवा कॅट घ्यायचा तर रक्कम पाच आकडी होते, आणि सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी ती माझ्याकडून निघाली नसती. म्हणून बाहेरचा, वेल्डिंगने बसणारा कॅट घेतला. तो घेताना चौरस इंचाला किती छिद्रे आहेत ते विचारावे. २०० छिद्रांचा कॅट मोकळा असतो, आवाजही बरा देतो, मात्र तो कोडच्या उंबरठ्यावर राहतो असे मला दोन गाड्यांत दिसले. ४०० चा घेतल्यावर माझ्या गाडीत दिवा परत लागलेला नाही. त्यानंतर नागपूरच्या सहा-सात फेऱ्या झाल्या. मागचा मोकळा सायलेन्सर काढून मी घरी पडलेला मूळचाच परत लावला. कॅटच्या मागे नुसता सायलेन्सर बदलल्याने हा कोड येत नाही, तेव्हा मोकळा तसाच ठेवला असता तरी दिव्यापुरते चालले असते. परंतु वडिलांना त्या आवाजात झोप लागत नसे.

कॅटचे तोटेही आहेत. तो खाली लोंबतो, म्हणून वेल्डरकडून त्याखाली पत्र्याची ढाल लावून घेतली. पत्रा कॅटला टेकू दिला नाही, हवा जायला फट ठेवली. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ तापलेली गाडी आता उभी करत नाही. आणि भंगारातून कॅट घेणार असाल तर पैसे देण्याआधी तो कानाशी हलवून पाहावा आणि एका टोकातून टॉर्च मारून दुसऱ्या टोकातून बघावे. बारीक जाळीतून उजेड गाळून यायला हवा. मला दाखवलेल्या पहिल्या दोन कॅटमधून समोरच्या माणसाचा चेहरा दिसत होता.