मुलांच्या डॉक्टरांचं क्लिनिक: डॉक्टर छान, वेटिंग फार
६ वर्षांच्या लेकीला दोन दिवस १०१ ताप, माझा जीव नुसता टांगणीला, गेल्या गेल्या आकडेच सांगत सुटले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, पाणी पितेय का, शू नेहमीसारखी होतेय का, श्वास जोरात चालतोय का, ताप उतरला की खेळते का. आकड्यापेक्षा हे बघायचं म्हणे, फक्त ३ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ ला पण लगेच दाखवायचं. अँटिबायोटिक मागितलं तर व्हायरलवर चालत नाही म्हणून दिलं नाही, पटलं मला. त्यांना जास्त काळजी वाढत्या वजनाची न् मोबाईलची, रोज ६० मिनिटं तरी पळापळ हवीच म्हणाले. वेटिंग मात्र दीड तास, तापातलं पोर मांडीवर घेऊन तेवढं बसवत नाही हो, अपॉइंटमेंटची वेळ पाळा प्लीज.