सीएस५०: शाळेनंतर थेट कामाला लागणाऱ्यांनी करावा असा कोर्स

शाळा संपली, पुढे शिकायचं नाही किंवा शिकणं शक्य नाही, पण कॉम्प्युटरच्या लाइनमध्ये काम करायचंय, अशांसाठी लिहितोय. मी शाळेनंतर थेट कामाच्याच मागे लागलो, तेव्हा हार्वर्डचा सीएस५० ऑनलाइन केला, आज सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे.

डेव्हिड मॅलन हार्वर्डमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा जो पहिला कोर्स शिकवतात तोच, म्हणजे सीएस५०, २०१२ पासून एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर सगळ्यांना खुला आहे. मार्कशीट कोणी मागत नाही. लेक्चर, प्रॉब्लेम सेट (म्हणजे प्रोग्रामिंगचा गृहपाठ), कोड लिहायची जागा सगळं ब्राउझरमध्ये आणि फुकट. सीएस५०च्या स्वतःच्या साइटवरचं सर्टिफिकेटसुद्धा फुकट मिळतं, पैसे लागतात ते फक्त एडएक्सचं व्हेरिफाइड सर्टिफिकेट हवं असेल तर, आणि माझ्या मते ते घ्यायची काही गरज नाही.

सुरुवात स्क्रॅचने, म्हणजे नुसते ब्लॉक ओढून जोडायचे. मग लगेच सी ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि खरा कस तिथून लागतो. चौथ्या आठवड्यात मेमरी आणि पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) येतात तेव्हा डोकं पार बंद पडतं, पण थांबू नका प्लीज, कारण सहाव्या आठवड्यात पायथन ही सोपी भाषा येते, आधी सी मध्ये लिहिलेलेच प्रोग्राम परत लिहायला लावतात आणि एवढासा कोड बघून लक्षात येतं की आपण नक्की काय शिकलो. पुढे डेटाबेससाठी एसक्यूएल, आणि वेबसाइट बनवायला एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, फ्लास्क.

लेक्चर भारी आहेत, मॅलन सर स्टेजवर फोनबुक फाडून बायनरी सर्च (दर वेळी निम्मा भाग टाकून देत शोधणं) समजावतात ते कोण विसरेल, पण नुसती लेक्चर बघून काहीही येत नाही हे लिहून घ्या. खरी कमाई प्रॉब्लेम सेटमध्ये आहे. चेक५० नावाचं टूल तुमचा कोड तपासतं, बरोबर असेल तर हसरा चेहरा, चुकला तर रडका, आणि का चुकला ते शोधायचं तुम्ही. एआयचं एक बदक दिलंय, म्हणजे कोर्सचाच बदकाच्या रूपातला चॅटबॉट, ते हिंट देतं पण उत्तर देत नाही, आणि बाहेरच्या चॅटबॉटकडून उत्तर घेणं कोर्सच्या नियमात बसत नाही. अडकून राहायचं, एकेक ओळ तपासायची, ही सवय मला इथे लागली आणि टेस्टिंगमध्ये रोज तेच करतो.

आता नोकरीचं. कोर्स नोकरी लावून देत नाही, तसं ते म्हणतही नाहीत. जाहिरातीत डिग्रीची अट नाही असं दिसलं की आपण खूश होतो, पण हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूटचा २०२४ चा अभ्यास बघा, अमेरिकेत अट काढल्यामुळे डिग्री नसलेल्यांना खरंच मिळालेली संधी ७०० भरतीत १ पेक्षाही कमी निघाली. म्हणजे जाहिरात बदलली, निवड करणारे फारसे बदलले नाहीत. म्हणून सर्टिफिकेट दाखवून दार उघडेल ही आशा सोडा, दाखवायला काम पाहिजे. शेवटी फायनल प्रोजेक्ट असतो, विषय तुमचा, तो उरकायचा म्हणून करू नका. कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाचं काहीतरी बनवा, हिशोब ठेवायचं, स्टॉक मोजायचं, काहीही, गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) टाका, आणि इंटरव्ह्यूत कुठे अडलात आणि कसं सोडवलंत ते बोला. मला माझ्या सर्टिफिकेटबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही, प्रोजेक्टबद्दल मात्र खूप विचारलं.

अडचणी आहेतच. इंग्रजी फास्ट आहे, सबटायटल लावून आणि स्पीड कमी करून बघा. मागे लागणारं कोणी नाही, त्यामुळे स्वतः वेळ ठरवला नाही तर मध्येच सुटतो. आणि घरात पैसे लगेच लागत असतील तर याच्या भरवशावर बसू नका, आधी कस्टमर सपोर्ट, डेटा एंट्री जे मिळेल ते काम धरा आणि हा संध्याकाळी करा, थोडा लांबेल पण होतो.

पाचपैकी साडेचार. शून्यावा, म्हणजे अगदी सुरुवातीचा आठवडा अकाउंट न काढता बघता येतो, तेवढा बघूनच ठरवा.