सत्तर रुपयांत दारी आलेला दाखला: पोस्टाची घरपोच जीवन प्रमाण सेवा (लश्कर, ग्वाल्हेर)

पोस्टमन घरी येतो, जीवन प्रमाण म्हणजे पेन्शनर हयात असल्याचा ऑनलाइन दाखला करून देतो आणि जीएसटी धरून ७० रुपये घेतो. आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या, घर वरच्या मजल्यावर आणि जिना बावीस पायऱ्यांचा. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी गेल्या वर्षीचं सांगते. आईंना (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) रिक्षात घालून बाजारातल्या एका ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात नेलं. तिथल्या मुलानं पटापट टाइप केलं, कागद हातात दिला, आम्ही खुशीत घरी. नोव्हेंबरची पेन्शन आली, डिसेंबरची आलीच नाही. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, त्याच्या नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते. मोबाइलवर मेसेज आला म्हणजे दाखला तयार झाला, इतकंच. तो मंजूर झाला की नाही हे जीवन प्रमाणच्या साइटवर प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) घालून वेगळं बघावं लागतं.

हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं. भोपाळला वल्लभ भवनात, म्हणजे राज्याच्या मंत्रालयात, वित्त विभागात मी एकोणीस वर्षं पेन्शन नियमांचे मसुदे केले. राज्याच्या १९७६च्या पेन्शन नियमांत दुरुस्ती, दुरुस्तीवर परिपत्रक, परिपत्रकावर स्पष्टीकरण. ‘पेन्शनर स्वतः हजर राहील’ हे लिहायला अर्धी ओळ पुरते. त्या अर्ध्या ओळीत बावीस पायऱ्या असतात, हे कुठल्याच टिपणीत आलं नाही. माझ्याही नाही.

सासरे रेल्वेत होते, आपल्या छोट्या लाइनीवर. म्हणजे आईंची कुटुंब पेन्शन केंद्राची. केंद्रानं २०१९पासून ८० पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला द्यायची मुभा दिली आहे, बाकीच्यांना नोव्हेंबर. यंदा ऑक्टोबरातच पोस्ट इन्फो अॅपवर नोंद केली. तिसऱ्या दिवशी पोस्टमन हजर. आधार, पीपीओ, बँकेचं पासबुक, मोबाइल एवढं जवळ ठेवा. पीपीओ नंबर मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवायला लावला, दोनदा. बिचारा हसला, पण वाचला.

मग अंगठा. एकदा, दोनदा, तीनदा. यंत्र काही ओळख देईना. साठ-पासष्ट वर्षं भांडी घासून आणि सुपारी कातरून आईंच्या बोटांवर रेघा उरल्यात कुठं? २०१४ साली ही सोय सुरू झाली तेव्हा बोट नाहीतर बुबुळ, एवढंच होतं. चेहऱ्याची सोय २०२१ला आली. पोस्टमननं फोन काढला. खोलीत उजेड कमी पडला म्हणून स्टूल गच्चीच्या दाराशी नेलं. चष्मा काढायला सांगितला, तर आईंना फोनच दिसेना. "कुठं बघू गं?" "माझ्या आवाजाकडे बघा आणि डोळे मिचकवा." मिचकवले, झालं.

पुढचा प्रश्न आला तेव्हा पोस्टमन लाजला. कुटुंब पेन्शन घेणाऱ्याला पुनर्विवाहाबद्दल विचारावंच लागतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मीच म्हटलं, "आई, विचारतायत, पुन्हा लग्न केलंत का?" आई म्हणाल्या, "अगं, माळ घालायला हात तर वर जायला हवा!" उजवा खांदा दोन वर्षं आखडलाय त्यांचा. पोस्टमननं ‘नाही’ वर टिचकी मारली. असली कलमं मीही लिहिली आहेत, आणि ती कोणाला तरी असं तोंडावर विचारावी लागतात हे पहिल्यांदा पाहिलं.

आता कापलेला तारा. तो पोस्टमनचा नाही, धोरणाचा आहे. दाखला बारा महिने चालतो, तर सगळ्यांनी नोव्हेंबरातच का धावायचं? भविष्य निधीच्या पेन्शनवाल्यांना २०२०पासून वर्षात केव्हाही देता येतो आणि तिथून पुढे वर्षभर चालतो. जन्माचा महिना धरला असता तरी गर्दी बारा ठिकाणी वाटली गेली असती. हा मुद्दा मी नोकरीत असताना एकदा तोंडी मांडला होता, लेखी मांडायला हवा होता. (माझी स्वतःची पेन्शन राज्याची. तिची महागाई राहत छत्तीसगड वेगळं करणाऱ्या २०००च्या पुनर्गठन कायद्याच्या कलम ४९पायी छत्तीसगडच्या संमतीसाठी कशी अडत आली, ते रामायण इथं नको.)

चार दिवसांनी साइटवर बघितलं, दाखला मंजूर. सत्तर रुपये सुटे ठेवा, आमच्याकडे शंभरची नोट निघाली आणि उरलेल्या तिसांसाठी पोस्टमनला खालच्या किराणावाल्याकडे जावं लागलं. पुन्हा वर आला तेव्हा आईंनी त्याला चिवडा दिला.